झाडाआडचा वारा

वारेमास्तरांच्या केंद्रात दोन प्रकारची माणसं यायची. वारा किती आहे ते विचारणारी, आणि वारा किती आहे ते मास्तरांनाच सांगणारी. दुसऱ्या प्रकारची जास्त. मास्तर पहिल्यांना आकडा द्यायचे आणि दुसऱ्यांना खुर्ची. बोलून दमला की माणूस आपोआप ऐकायला लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि बऱ्याचदा ते खरं निघायचं.

केंद्र म्हणजे तरी काय, पाण्याच्या काठावरच्या दोन खोल्या. एकीत कार्यालय, दुसरीत संसार, आणि मधली भिंत इतकी पातळ की इकडे मास्तरांनी शाईची बाटली उघडली की तिकडे चहाला वास यायचा. बाहेर दहा मीटर उंचीचा लोखंडी खांब, त्याच्या टोकाला गरगर फिरणाऱ्या वाट्या. तिथून तार खाली टेबलावरच्या तबकडीपर्यंत आलेली. सकाळी साडेआठ, साडेअकरा, दुपारी अडीच आणि संध्याकाळी साडेपाच, असं दिवसातून चार वेळा तबकडीवरचा काटा बघायचा, दहा मिनिटांची सरासरी काढायची, वहीत लिहायची, आणि महिना संपला की वही मोठ्या शहरातल्या मुख्य कार्यालयाकडे पाठवायची. मास्तरांनी हे चव्वेचाळीस वर्षं केलं. निवृत्त झाल्यावरही केलं, कारण त्या आडबाजूला यायला कार्यालयाला दुसरा कुणी मिळाला नाही. मिळाला असता तरी मास्तरांनी त्याला टिकू दिलं नसतं.

त्यांची एकुलती एक लेक घड्याळाआधी तो काटा वाचायला शिकली. शाळेत बाईंनी पुठ्ठ्याचं घड्याळ दाखवून किती वाजले विचारलं, तर ही म्हणाली, "बावीस, झोत तीस." बाईंनी घरी निरोप पाठवला. मास्तरांनी निरोप वाचला आणि म्हणाले, "काट्याची जागा बघता बरोबरच आहे की." आईनं कपाळाला हात लावला.

आता लेक सत्तेचाळीस वर्षांची होती आणि मुख्य कार्यालयात वाऱ्याचे अंदाज लिहीत होती. शिक्षण खूप झालं होतं, समोर तीन पडदे असायचे. पण अंदाज म्हणजे काय हे ती खरं शिकली होती त्या पातळ भिंतीला पाठ लावून, पलीकडची बोलणी ऐकत. एक बोटवाला तर दर चार दिवसांनी पेपर फडकवत यायचा.

"मास्तर, हे बघा, ताशी पंधरा किलोमीटर छापलंय. आणि माझी टोपी गेली पाण्यात!"

"पंधरा ही सरासरी झाली," मास्तर म्हणायचे. "तुझी टोपी सरासरीनं नाही नेली, झोतानं नेली. सरासरी पंधरा असली की मधूनच पंचवीसचा झोत येणारच. पुढचं वाच. झोत किती लिहिलेत?"

"ते बारीक अक्षरात आहे."

"मग टोपी मोठ्या अक्षरातच जाणार. आणि दुसरं, हा अंदाज सबंध जिल्ह्याचा. आपल्याकडे त्या दोन टेकड्यांमधली खिंड आहे. दुपारी जमीन तापली की वारा त्या खिंडीत शिरतो, आणि अरुंद बोळात माणसं धावतात तसा धावत सुटतो. ती खिंड पेपरवाल्यांच्या नकाशावर दिसत नाही. म्हणून दोननंतरच्या फेरीला पेपरातल्या आकड्याची दीडपट धरायची."

"आणि पश्चिमेचा म्हणजे पश्चिमेकडे जाणारा ना?"

"पाहुणा आला की कुठून आला ते विचारतो ना आपण? तसंच. पश्चिमेचा म्हणजे पश्चिमेकडून आलेला."

बोटवाला मान डोलवायचा आणि चार दिवसांनी पुन्हा तोच प्रश्न घेऊन यायचा. लेकीला आज वाटायचं, त्याला सगळं पहिल्याच वेळी कळलं असणार. पण मास्तरांच्या तोंडून ऐकायला छान वाटायचं, त्यात त्याचा काय दोष? तिलाही ते त्या भिंतीआडून पुन्हा ऐकायला मिळालं असतं तर तिनं तिन्ही पडदे देऊन टाकले असते.

त्या मंगळवारी दुपारी तपासनीस तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. तिशीतला, सभ्य, आणि वाईट बातमी सांगायची असली की चष्मा पुसणारा. तो चष्मा पुसत होता.

जुन्या केंद्रांची आकडेवारी तपासून एक मोठी मालिका तयार करायचं काम त्याच्याकडे होतं. या मालिकेवरून पुढचे अंदाज सुधारायचे होते. जे आकडे खरे ठरतील ते मालिकेत, बाकीचे बाद.

"मॅडम, तुमच्या वडिलांचं केंद्र आहे म्हणून आधी तुमच्याशी बोलतो," तो म्हणाला आणि त्यानं दोन कागद ठेवले. "हा बाकीच्या केंद्रांचा आलेख. सगळीकडे वारा वर्षागणिक थोडाथोडा कमी झालेला दिसतो. वारा कमी झालेला नाही, खांबांच्या आजूबाजूला घरं आली, झाडं वाढली. आडोसा झाला. आणि ही तुमच्या वडिलांची रेष. चव्वेचाळीस वर्षं सरळ."

"मग चांगलंच आहे."

"चांगलं असतं," तो म्हणाला आणि त्यानं एक फोटो पुढे सरकवला. "गेल्या आठवड्यात मी जाऊन आलो. खांबापासून बारा पावलांवर हे झाड आहे."

फोटोत निलगिरीचं झाड होतं. खांबाच्या दुपटीहून उंच, आणि नेमकं खिंडीच्या बाजूला.

"या झाडाच्या आड एवढा वारा पोचूच शकत नाही. खांबावर तेव्हा मी स्वतः मोजला, निम्मासुद्धा नाही. काकांना विचारलं, तर त्यांनी मला चहा पाजला आणि विषय बदलला." त्यानं चष्मा डोळ्यावर चढवला. "मॅडम, आकडे बनवलेले वाटतात. दुसरा पुरावा नाही मिळाला तर पुढच्या सोमवारी मला तसा शेरा मारावा लागेल. 'रचलेली नोंद' असा."

बाबा आणि रचलेली नोंद! ज्या माणसानं तिला निबंधात 'सोसाट्याचा वारा' लिहिल्याबद्दल 'म्हणजे किती?' असं विचारून छळलं होतं, तो माणूस आकडे रचेल? तिला तपासनिसाचा राग आला आणि त्याचं एकही वाक्य खोडता येईना, म्हणून आणखी राग आला.

शनिवारी सकाळी ती बोटीनं पलीकडे गेली. झाड पाण्यावरूनच दिसायला लागलं. आईनं ते लावलं तेव्हा ती सात वर्षांची होती. बाबा पंधरा दिवस प्रशिक्षणाला गेले होते, आणि त्या उघड्याबोडक्या काठावर डोळ्यांना काहीतरी हिरवं हवं म्हणून आईनं कुणाकडून तरी रोप आणून खड्डा खणला. बाबा परत आले, रोपाकडे बघितलं, खांबाकडे बघितलं, आणि आत गेले. खाऱ्या वाऱ्यात ते जगणार नाही अशी त्यांची खात्री होती. पण आईनं त्याला भांडी धुतलेलं पाणी घातलं, काटक्यांचं कुंपण केलं, जोराच्या वाऱ्यात पोतं गुंडाळून ठेवलं. झाडानं आईचं ऐकलं. घरात आईचं न ऐकणारं तसंही कुणी नव्हतं. झाड मोठं झाल्यावर आई स्वयंपाकघरात बसून पानांच्या आवाजावरून आकडा सांगायची, आणि पलीकडून बाबा ओरडायचे, "दोननं चुकलीस!" आई म्हणायची, "तुमचा काटा चुकला असेल." तिला जाऊन आता अकरा वर्षं झाली होती.

मास्तर दारातच उभे होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, ताठ, फक्त गुडघ्यांनी असहकार पुकारलेला. जेवणं झाली. तिनं तपासनिसाचं सगळं सांगितलं. मास्तरांनी ते एखाद्या दुसऱ्याच माणसाची भानगड ऐकावी तसं ऐकलं आणि सव्वादोन वाजता उठले.

"जरा पाय मोकळे करून येतो."

हे वाक्य तिनं हजारो वेळा ऐकलं होतं. लहानपणी घरात सगळे धरून चालायचे की बाबा धक्क्याच्या टोकाला जाऊन चोरून सिगारेट ओढतात. तीही तसंच धरून चालली होती. पण बाबांच्या शर्टाला कधी सिगारेटचा वास आल्याचं तिला आठवेना. ती त्यांच्या मागोमाग निघाली.

धक्का पाण्यात चारशे पावलं आत गेलेला होता. टोकाशी दिव्याचा उंच खांब होता, आणि दिव्याच्याही वर वाट्या फिरत होत्या. जुन्या पद्धतीचं, कार्यालयानं कधीकाळी बाद केलेलं यंत्र. खाली छातीएवढ्या उंचीवर पत्र्याच्या डबीत एक तबकडी. मास्तरांनी डबीचं झाकण उघडलं, खिशातून घड्याळ काढलं आणि दहा मिनिटं काटा बघत उभे राहिले. मग वहीत लिहिलं, सव्वीस, झोत अडतीस.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"तू चौदा वर्षांची होतीस. तेहेतीस वर्षं झाली." त्यांनी झाकण लावलं. "झाड खांबाच्या वर गेलं त्या उन्हाळ्यात काटा पडायला लागला. मी टेबलाशी डोकं धरून बसलो होतो. तुझी आई आली आणि म्हणाली, अहो, माझं झाड तुमच्या वाऱ्याच्या आड येतंय का?"

"मग?"

"नाही म्हणालो. दुपारी माळ्यावरचं जुनं यंत्र काढलं, दिवेवाल्याला हाताशी धरलं आणि इथं बसवलं. तिला सांगितलं, बोटवाल्यांसाठी आहे."

"बाबा, म्हणजे आकडे सगळे खरे आहेत!"

"खोटे कशाला असतील?" मास्तर एकदम तापले. "तापात आलोय, पावसात आलोय. तुझ्या लग्नाच्या दिवशी चारही वेळा आलोय!"

"मग जागा बदलली हे कळवलं का नाहीत? नियम तुम्हीच मला शिकवलात. खांब एक फूट जरी हलवला तरी कळवायचं."

"कळवलं असतं तर कारण विचारलं असतं. कारण सांगितलं असतं तर झाड तोडा म्हणाले असते. मी सरकारी माणूस, तोडावंच लागलं असतं. आणि मग तिला कळलं असतं की मी खोटं बोललो आणि तिच्या झाडानं माझं काम बिघडवलं. फार मनाला लावून घेतलं असतं तिनं." ते पाण्याकडे बघत होते. "आता ती नाही. झाड आहे. तुझ्या त्या तपासनीस पोराला काहीही सांगायचं नाही."

"तो सोमवारी तुमच्यावर खोटेपणाचा शिक्का मारणार आहे. चव्वेचाळीस वर्षं कचऱ्यात जातील!"

"जाऊ देत. वारा येऊन गेला ना? मी मोजला ना? झालं तर मग."

पण परतताना चारशे पावलांत ते तीनदा थांबले, आणि गुडघ्यासाठी नाही, हे तिला कळत होतं. ती संध्याकाळच्या बोटीत बसताना त्यांनी विचारलं, "शिक्का म्हणजे, वहीवरच मारतात का?" तिनं होकारार्थी मान हलवली. तेवढ्यावरून ती बोटीत वाटभर रडली. बोटवाल्यानं न विचारता तिला इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगितल्या, मेहेरबानी त्याची.

सोमवारी ती सकाळी लवकर कार्यालयात आली आणि तपासनिसाला सगळं सांगून मोकळी झाली. बापाचं ऐकायचं वय तिचं केव्हाच सरलं होतं. शिवाय नवा स्वयंचलित खांब धक्क्यावरच बसवायचं ठरलं आहे, हे तिनं त्याच्या फाईलमध्ये वाचलं होतं, म्हणजे झाडाला कुणी हात लावणार नव्हतं.

तपासनिसानं मन लावून ऐकलं. "माझा विश्वास आहे मॅडम. पण माझ्या विश्वासाला रकाना नाही. यंत्र आज तिथं आहे हे दिसतंय. तेहेतीस वर्षं काका तिथं जाऊन वाचत होते, घरी बसून लिहीत नव्हते, हे कशावरून? शेजारच्या केंद्राशी ताडून बघावं तर तुमचा वारा खिंडीतला, तो शेजाऱ्याशी जुळतच नाही. बघणारं दुसरं कुणी होतं का? कधी दुसऱ्या कुणी नोंदी घेतल्या?"

"नाही," ती म्हणाली आणि थांबली. घेतल्या होत्या. पंचवीस वर्षांपूर्वी बाबांना कावीळ झाली होती. ते नऊ दिवस पलीकडच्या दवाखान्यात होते, ती परीक्षेसाठी वसतिगृहात. ते नऊ दिवस आईनं केंद्र सांभाळलं होतं. आणि बाबा घरी यायच्या आदल्या दिवशी महिना संपला म्हणून वहीही तिनंच पाठवून दिली होती.

आईला धक्क्याचं काही माहीत नव्हतं. तिनं टेबलावरचाच काटा वाचला असणार, झाडाआडचा, निम्मा. नऊ दिवस आकडे धपकन खाली आलेले असतील, मग बाबा घरी आल्यावर पुन्हा वर. तपासनिसाला याहून चांगला पुरावा कुठला मिळणार होता?

नोंदींच्या खोलीत वर्षांप्रमाणे गठ्ठे बांधलेले होते. तिनं तो महिना काढला. पहिली पानं बाबांच्या किरट्या, उजवीकडे कललेल्या अक्षरातली. मग बावीस तारखेपासून आईचं गोल, ऐसपैस अक्षर. एकवीस तारखेला दुपारी अडीचला बाबांचे चोवीस. बावीसला आईचे पंचवीस. तेवीसला तेवीस. चोवीसला सव्वीस. तिनं बोट ठेवून नऊच्या नऊ दिवस वाचले. आकडा कुठेही पडला नव्हता.

मग तिची नजर शेवटच्या रकान्याकडे गेली. 'शेरा' असा तो रकाना, आणि चव्वेचाळीस वर्षांत बाबांनी त्यात 'निरंक' सोडून काही लिहिलं नव्हतं. आईनं लिहिलं होतं. सव्वीस तारखेला: 'धक्क्याच्या टोकाला लाटा वर येत होत्या. एक चप्पल गेली. आकडा पाच मिनिटे उशिराचा आहे, क्षमस्व.' तीस तारखेचा शेवटचा शेरा लांब होता, रकान्यात न मावून समासात चढलेला. तो तिनं उभ्यानं वाचला आणि तिथंच गठ्ठ्यावर बसली.

तपासनिसानं दोन्ही शेरे दोनदा वाचले. बराच वेळ तो चष्माही पुसायचा विसरला.

"हा रकाना कुणी वाचतं का हो?" त्यानं विचारलं.

"आजपर्यंत तरी नाही," ती म्हणाली.

त्यानं कपाटातून एक कोरा अर्ज काढला. मापनस्थान बदलल्याची उशिरा नोंद. "हा काकांकडून भरून आणा. शिक्का नाही मारत मी. एवढी स्वच्छ नोंद माझ्याकडे दुसरी नाही."

दुसऱ्या दिवशी साडेअकराची नोंद आटोपून मास्तर टेबलाशी बसले होते. तिनं अर्ज ठेवला आणि त्यावर त्या पानाची प्रत ठेवली. खांब धक्क्यावरच येणार आहे, झाड राहणार आहे, हे आधी सांगून टाकलं, म्हणजे त्यांना ओरडायला जागा उरली नाही. अक्षर ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही.

"हे तिचं आहे," ते म्हणाले. "कावीळ झाली होती तेव्हाचं. ही वही मी बघितलीच नव्हती." ते आकडे वाचत गेले. सवयीनं त्यांचं बोट तारखेवरून सरकत होतं. "पंचवीस... तेवीस... सव्वीस. अगं पण हे तर..." सव्वीस तारखेच्या शेऱ्याशी बोट थांबलं. "चप्पल गेली? ती तर म्हणाली होती तुटली म्हणून."

"शेवटचा वाचा, बाबा."

मास्तरांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि मोठ्यानं वाचायला लागले. कार्यालयीन कागद ते नेहमी मोठ्यानंच वाचत. "'उद्यापासून निरीक्षक स्वतः नोंदी घेतील. अशक्तपणा आहे, त्यामुळे धक्क्याच्या टोकाला पोचायला उशीर झाल्यास कार्यालयाने सांभाळून घ्यावे. ते टोकाला का जातात हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मीच झाड तोडा म्हणणार होते, पण त्यांनी नाही म्हटले आणि त्यांचे नाही मला मोडवेना. मला माहीत आहे हे कृपया त्यांना कळवू नये.'"

मास्तर हसले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला.

"पंचवीस वर्षं," ते म्हणाले. "कार्यालयानं जन्मात कुणाची विनंती पाळली नाही. हिची मात्र पाळली."

"बाबा..."

"मी रोज चारदा चोरासारखा जायचो गं. पाय मोकळे करतो म्हणून. आणि ही आतून म्हणायची, छत्री न्या." तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तो झटकला नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी अर्ज ओढला आणि टाक उचलला. बदलाची तारीख त्यांनी न आठवता लिहिली. 'कारण' या रकान्यात लिहिलं, 'पत्नीने लावलेले झाड.' खाली 'निरीक्षक' असं छापलेलं होतं आणि एकाच नावाची जागा होती. तिथं त्यांनी आधी आईचं नाव लिहिलं, पूर्ण, माहेरच्या आडनावासकट. मग त्याच्या बाजूला, समासात, स्वतःचं बसवलं.

तो अर्ज तिला नेता आला नाही. नावांवर पाणी पडून शाई पसरली होती. दुसरा अर्ज आणावा लागला. पहिला मास्तरांनी ठेवून घेतला.